नवी पिकअप, चाळीस हजार आणि लांबलचक यादी: आधी काय लावायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: निफाड तालुक्यातले एक शेतकरी-वाहतूकदार आहेत. नवी बोलेरो पिकअप घेतली आहे, १.७ टनवाली, कंपनीच्या हौद्यासकट (मागचा माल भरायचा भाग). पिंपळगाव बसवंतहून वाशी मार्केटला टोमॅटो, हंगाम बदलला की कांदा. बहुतेक फेऱ्या रात्रीच्या, कसारा घाटातून. हाताशी ४०,००० रुपये आहेत आणि यादीत मागे दोन जादा पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या), पुढे बंपर गार्ड, टपावर एलईडी बार, प्रेशर हॉर्न, केबिनवर कॅरिअर, हौद्यात चेकर्ड (उठावदार नक्षीचा) पत्रा, हूड (हौद्यावरचा कमानींचा सांगाडा) आणि त्यावर ताडपत्री, रिव्हर्स कॅमेरा आणि म्युझिक आहे. विचारलंय, "आधी काय करू?"

यादी वाचल्यावर पहिलं जाणवतं ते हे की तिच्यातल्या निम्म्या वस्तू गाडीला वजन देतात आणि तुमचा धंदा तर वजनावरच चालतो. म्हणजे खरा प्रश्न 'कोणती अॅक्सेसरी चांगली' हा नाही. १,७०० किलोच्या हक्कातले किती किलो लोखंडाला द्यायचे आणि किती टोमॅटोला ठेवायचे, हा आहे. त्याला जोडून दोन उपप्रश्न: जे लावाल त्याचं छिद्र किंवा वेल्डिंग कुठे पडणार, आणि त्याला करंट कुठून मिळणार. फिटिंग करून गेलेल्या गाड्या परत येतात त्या याच तीन कारणांनी.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. परतीची फेरी रिकामी येते की माल मिळतो, गाडी तुम्ही स्वतः चालवता की ड्रायव्हर, आणि वॉरंटी किती उरली आहे, यावर उत्तर थोडंफार बदलेल. मी असं धरतोय की परतीला गाडी बहुतेक रिकामी आहे, दोन माणसं बसतात आणि वॉरंटी चालू आहे.

आधी वजनाचा हिशोब

आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा हलत नाही. तुम्ही लावलेलं प्रत्येक लोखंड पहिल्या बाजूला चढतं आणि मालातून कमी होतं. वजनकाट्यावर तर माणसंही मोजली जातात.

तुमच्या यादीचंच गणित करू. हौदा साधारण ९ फूट बाय साडेपाच फूट, म्हणजे सुमारे ४.६ चौरस मीटर. ३ मिमीचा चेकर्ड पत्रा चौरस मीटरला २५ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे नुसती जमीन ११५ किलोची झाली. हूडसाठी एक इंची मध्यम जाडीचा पाण्याचा पाईप वापरला तर मीटरला जवळजवळ २.४ किलो. चार कमानी आणि तीन आडव्या पट्ट्या मिळून २५ मीटर पाईप लागतो, म्हणजे ६० किलो. बंपर गार्ड ३५, केबिनवरचं कॅरिअर २०. बेरीज २३० किलो.

भरलेलं टोमॅटोचं क्रेट २२ किलोचं धरा. १,७०० मधून दोन माणसांचे १४० वजा केले की १,५६० उरतात, म्हणजे ७० क्रेट. त्यातून २३० काढले की १,३३०, म्हणजे ६० क्रेट. प्रत्येक फेरीला दहा क्रेटचं भाडं गेलं आणि ते गाडी विकेपर्यंत जातच राहणार.

तेच काम हलकं करता येतं. चेकर्ड पत्र्याऐवजी १२ मिमीचा शटरिंगचा काळा प्लाय टाकला तर ३८ किलोच्या आसपास. पाण्याच्या पाईपऐवजी २५ बाय २५ मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाईप घेतला तर मीटरला १.४ किलो, म्हणजे ३५ किलो. गार्ड आणि कॅरिअर यादीतून काढा. एकूण ७३ किलो, आणि क्रेट ६७ बसतात. ताडपत्रीचं वजन दोन्हीकडे सारखंच, म्हणून ते धरलेलं नाही.

सगळं फिटिंग झाल्यावर टाकी फुल करून, दोघं बसून, रिकामी गाडी एकदा काट्यावर न्या आणि ती पावती गाडीत ठेवा. तुमची खरी क्षमता म्हणजे आरसीवरचं भरलेलं वजन वजा त्या पावतीवरचा आकडा.

जादा पाटे: इथेच जास्त थांबायला हवं

पाटे वाढवले की गाडी जास्त माल उचलते, हा समज इतका पक्का आहे की बॉडीवालासुद्धा विचारायच्या आधीच "दोन टाकून देऊ का?" म्हणतो. पाट्याचं काम फक्त हौदा खाली बसू न देणं. गाडी किती वजनाची, हे मागचा अॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा दांडा), चाकाचे बेअरिंग, ड्रम आणि लायनर, टायर आणि चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) मिळून ठरवतात. दोन पाटे वाढवून यातलं काहीच वाढत नाही. वाढतो तो भ्रम, कारण २,२०० किलो भरूनही गाडी सरळ उभी दिसते. मागून गाडी बसलेली दिसणं हा तुमचा फुकटचा इशारा असतो आणि पाटे टाकून तोच बंद होतो.

आता बिघडतं काय काय ते बघा. परतीला गाडी रिकामी असताना मागचा भाग इंच-दीड इंच वर राहतो. कडक पाट्यांमुळे खड्ड्यावर चाक उसळतं आणि क्षणभर रस्ता सोडतं. त्याच क्षणी ब्रेक दाबला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी जाते. ओल्या घाटात हे कसं होतं ते वेगळं सांगायला नको. मागचे शॉकअप लवकर गळतात आणि टायर पट्ट्यापट्ट्यांनी घासतो.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. बऱ्याच मालवाहू गाड्यांत मागच्या ब्रेकला लोडप्रमाणे प्रेशर देणारा व्हॉल्व्ह असतो. चेसिसला बसवलेला असतो आणि एका दांडीने किंवा स्प्रिंगने अॅक्सलला जोडलेला असतो. चेसिस आणि अॅक्सलमधलं अंतर कमी झालं की त्याला कळतं, माल भरलाय, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. पाटे वाढवले की भरलेल्या गाडीतही हे अंतर फारसं कमी होत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागे ब्रेक कमी लागतो, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि उतारावर पुढची डिस्क तापून पेडल मऊ पडतं. मग दोष पॅडला दिला जातो, पॅड बदलतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. गाडीखाली टॉर्च मारून बघा, तुमच्या गाडीला अशी दांडी असेल तर पाट्यांना हात लावणं दुप्पट चुकीचं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांना आणि मूळ रचनेला धक्का देणारा बदल परवानगीशिवाय चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल जागेवर उतरवायचा. रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला टोमॅटो उतरवून ठेवायची वेळ आली तर दंडापेक्षा मालाचंच नुकसान मोठं. अपघात झालाच तर विमा कंपनीच्या सर्वेअरची नजर आधी अशाच बदलांवर जाते.

मग कायदेशीर वजनातही गाडी मागून जास्त बसत असेल तर? नव्या गाडीत तसं व्हायला नको. तरी बसली तर मोजा. रिकाम्या गाडीत दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने घ्या. दोन्ही बाजूंत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर एखादा पाटा तडकलाय किंवा सेंटर बोल्ट (पाट्यांना मधोमध धरणारा) तुटलाय. पाट्यांच्या मध्ये गंजाची ताजी लाल रेघ दिसली तर तडा तिथेच शोधा. हे वॉरंटीतलं काम आहे. पुढे कधी पाटे उघडावे लागले तर यू-बोल्ट (पाटे अॅक्सलला आवळणारे) नवेच टाका, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड धरत नाही. आवळताना चारही नट तिरके-तिरके, टप्प्याटप्प्याने आवळायचे आणि साधारण ५०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा पाना लावायचा. ढिला यू-बोल्ट सेंटर बोल्ट तोडतो आणि मग अॅक्सल मागे-पुढे सरकतो.

हूड, ताडपत्री आणि बांधणी

तुमच्या पैशातला मोठा वाटा इथे जायला हवा, निम्मा गेला तरी चालेल. माल ओला झाला किंवा वाऱ्याने सुकला तर मार्केटमध्ये भाव पडतो. त्यापुढे बाकी सगळी सजावट.

कमानी वेल्ड करून कायमच्या बसवू नका. फाळक्यांच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूंच्या) खांबांना सॉकेट (पाईप उभा करायच्या नळ्या) बोल्टने लावा आणि कमानी त्यात उभ्या करा. शेतातून वरून माल भरताना, किंवा खताच्या गोणी क्रेनने उतरवताना, कमानी काढाव्या लागतात. सॉकेटच्या तळाला ६ मिमीचं छिद्र ठेवा, नाहीतर पाणी साचून पाईप आतून कुजतो. कमान आणि सॉकेट यांच्यात खीळ घालायचीच, नुसत्या वजनावर सोडलेली कमान खड्ड्यावर उडी मारून बाहेर येते.

ताडपत्री १८ बाय १२ फुटांची घेतली तर २० चौरस मीटर होते. निळी-पिवळी २५० जीएसएमची (चौरस मीटरला २५० ग्रॅम) प्लास्टिक ताडपत्री ५ किलोची, स्वस्त, पण कमानीच्या कोपऱ्यावर घासून एका हंगामात जाळी होते. पीव्हीसी कोटिंगची ६५० जीएसएमची १३ किलोची असते, दुमडायला जड, पण टिकते. महामार्गावर रोज धावणाऱ्या गाडीला दुसरीच घ्या. कमानींवर जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा, ताडपत्रीचं आयुष्य तिथेच वाढतं.

ताडपत्री फाटते ती पाऊस किंवा उन्हामुळे कमी, पुढून शिरणाऱ्या हवेमुळे जास्त. केबिनच्या मागच्या बाजूला ताडपत्रीची कड मोकळी राहिली की ८० च्या वेगाला ती फुगा होते आणि आयलेट (दोरी ओवायच्या कड्या) एकामागून एक उपटत जातात. म्हणून पुढची कड हौद्याच्या पुढच्या जाळीच्या आत खाली दुमडून बांधायची आणि बाजूच्या दोऱ्या पुढून मागे घट्ट करत यायचं. टोमॅटो आणि कांद्याला हवा हवी, पण ती मागून द्या. मागचा पडदा वरून बांधलेला आणि खालून फूटभर उघडा ठेवला की घाम धरत नाही. पाऊस असेल तर तोही बंद.

माल बांधायला नुसत्या नायलॉन दोरीवर भिस्त नको. दोरी ताणली जाते आणि इगतपुरीपर्यंत ढिली पडते. ५० मिमीचे रॅचेट पट्टे चार घ्या, त्यावर शिवलेल्या लेबलवर ताकद छापलेली असते. लेबल नसलेला पट्टा घेऊ नका. क्रेटच्या वरच्या थरावर पट्टा थेट आवळला तर कडेची क्रेट चेपतात आणि आतला माल फुटतो, म्हणून कडेला लाकडी फळी किंवा प्लास्टिकचा कोन द्या. पहिली रांग पुढच्या जाळीला टेकलेलीच हवी. मध्ये वीतभर जागा राहिली तर घाटात पहिल्या जोराच्या ब्रेकला अख्खा माल तेवढा पुढे येतो, आणि तेवढ्याने पट्टे सैल होतात.

हूक कुठे लावता हेही बघा. फाळक्याच्या पत्र्याला वेल्ड केलेला हूक पत्र्यासकट निघून येतो. हूक हौद्याच्या खालच्या आडव्या बीमला, आरपार बोल्ट, मागे मोठा वायसर आणि नायलॉक नट लावून बसवा. बाजूला चार-चार पुरतात.

हौद्याची जमीन

शटरिंग प्लाय एक बाजू गुळगुळीत, दुसरी जाळीदार असलेलाच बघून घ्या. जाळीदार बाजू वर ठेवा, नाहीतर ओल्या प्लायवर प्लास्टिकची क्रेट साबणासारखी सरकतात. कापलेल्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात मारा, पाणी प्लायमध्ये कडेनेच शिरतं. सपाट डोक्याचे ६ मिमीचे आठ बोल्ट पुरतात. छिद्र पाडण्याआधी गाडीखाली झोपून बघा: ब्रेकचा पाईप, डिझेलची टाकी आणि टेललाइटची वायर कुठून जाते. वरून अंदाजाने मारलेला ड्रिल टाकीत गेलेल्या गाड्या असतात, हे विनोदाने सांगत नाही. छिद्र पाडल्यावर उघड्या लोखंडाला लगेच रेड ऑक्साइड लावा आणि मग सिलिकॉन भरून बोल्ट घाला. चारही कोपऱ्यांत इंचभर भोक ठेवा म्हणजे धुतलेलं पाणी खाली जाईल. सडलेल्या टोमॅटोचं पाणी आंबट असतं, पत्रा खातं.

वेल्डिंग करावंच लागलं तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा आणि बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत इंजिनच्या ईसीएमचं (कंट्रोल कॉम्प्युटरचं) सॉकेटही सोडा. वेल्डिंगची अर्थ क्लिप कामाच्या जागेजवळच लावायची, करंट गाडीभर फिरवायचा नाही. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला ना छिद्र, ना वेल्ड. तडा तिथूनच जातो.

लाइट

टपावरचा एलईडी बार काढून टाका यादीतून. समोरच्याला आंधळं करतो, आणि धुक्यात तुम्हालाही, कारण उंचावरून पडलेला प्रकाश धुक्यावर आदळून तुमच्याच डोळ्यांत येतो. घाटात धुकं असताना लाइट जितका खाली तितकं बरं. हेडलाइटच्या खाली, बंपरमध्ये दोन फॉग लॅम्प लावा, पिवळे असले तर डोळ्यांना बरे.

हेडलाइटमध्ये ६०/५५ वॉटऐवजी १००/९० चा बल्ब टाकायचा मोह होतो. ६० वॉटला ५ अँपिअर लागतात, १०० ला सव्वाआठ. मूळ वायर आणि होल्डर ५ च्या हिशोबाने बनवलेले असतात, ते वितळतात आणि रिफ्लेक्टरची चकाकी उडते. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकला तर उजेड दिसतो भरपूर, पण फोकस जागेवर पडत नाही.

खरी सुधारणा फुकट आहे: लाइटचा फोकस लावणं. सपाट जागी, टायरमध्ये बरोबर हवा आणि नेहमीइतका माल भरून, गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. लो बीमची वरची कड त्या रेघेच्या साधारण तीन इंच खाली आली पाहिजे. स्क्रू फिरवून आणा. डॅशबोर्डवर हेडलाइट खाली-वर करायची चकती असेल तर हे करताना ती भरलेल्या गाडीच्या आकड्यावर ठेवा आणि रिकाम्या परतीला शून्यावर आणा.

आणखी एक छोटी, पण रोज उपयोगी पडणारी गोष्ट: हौद्यात कमानीला १० वॉटचे दोन एलईडी, केबिनमध्ये स्विच. वाशीला पहाटे माल उतरवताना हमालाच्या मोबाइलच्या उजेडावर काम होत नाही. दोन्ही मिळून पावणेदोन अँपिअर, काही भार नाही.

वायरिंग: इथे पैसे वाचवू नका

आता जरा सावकाश. बीएस-६ गाडीत कुठल्याही वायरला कापून जोड मारणं धोक्याचं. वायरमन वेळ वाचवायला पार्किंग लाइटची वायर सोलतो, त्यावर दुसरी गुंडाळतो आणि काळी टेप लावतो. चार पावसांनंतर टेपचा डिंक सुटतो, तांबं हिरवं पडतं आणि डॅशबोर्डवर नको ते दिवे लागायला लागतात.

पद्धत अशी. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून स्वतंत्र वायर, आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज. फ्यूज लॅम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. फ्यूज लॅम्पपाशी लावला आणि मधल्या सहा फुटांत वायर चेसिसला टेकली, तर फ्यूजला पत्ताच लागत नाही आणि वायर पेटते. ५५ वॉटचे दोन फॉग म्हणजे ११० भागिले १२, सव्वानऊ अँपिअर. फ्यूज १५ चा, वायर अडीच चौरस मिमीची. हौद्याच्या एलईडीला ५ चा फ्यूज आणि १ चौरस मिमी वायर पुरे.

फॉगला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावायचाच, एवढा करंट डॅशबोर्डच्या छोट्या स्विचमधून न्यायचा नाही. रिलेच्या ३० नंबरला फ्यूजकडून आलेली वायर, ८७ ला लॅम्प, ८६ ला स्विच आणि ८५ ला अर्थ. रिले तोंड खाली करून बसवा म्हणजे पाणी पायांत साचत नाही. अर्थ घेताना चेसिसचा रंग खरवडून चकचकीत लोखंडावर लग (वायरच्या टोकाची कडी) दाबून बोल्ट करा आणि वरून ग्रीस. 'लाइट मंद लागतो' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हाच रंगावर बसवलेला अर्थ असतो.

वायर मागे नेताना सगळ्यात जास्त बिघाड होतो तो एकाच जागी: मागच्या आडव्या बीममध्ये टेललाइटसाठी जे भोक असतं तिथे. पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. नवी वायर मूळ वायरिंगच्या शेजारून तशीच सारली की गाडीच्या थरथरीने रोज केसभर कापली जाते. तीन-चार महिन्यांनी एखाद्या खड्ड्यावर तांबं पत्र्याला टेकतं आणि फ्यूज उडतो. ड्रायव्हर १० चा काढून ३० चा घालतो, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो, आणि लाइट लागतो म्हणून खूश होतो. पुढच्या वेळी फ्यूज उडत नाही, वायर उडते आणि जाताना शेजारचं कंपनीचं वायरिंगही घेऊन जाते. तीस रुपयांच्या रबरी बुशने हे टळतं. भोकात रबर, वायरवर नालीदार काळा पाईप, दर फुटाला क्लिप आणि सायलेन्सरपासून वीतभर अंतर. वायर ताणून नेऊ नका, चेसिस पिळते तेव्हा तिला जागा हवी.

रिव्हर्स कॅमेऱ्याचा ट्रिगर रिव्हर्स लाइटमधून घ्यायला हरकत नाही, करंट नगण्य असतो. पण जोड टेपने नको, क्रिम्प कनेक्टर आणि हीट-श्रिंक स्लीव्ह. कॅमेरा फाळक्याच्या वर नको, फाळका उघडला की तो जमिनीकडे बघतो. मागच्या बीमवर नंबरप्लेटच्या वर ठेवा.

ट्रॅकर बसवणार असाल तर लक्षात ठेवा, तो गाडी बंद असतानाही करंट खातो. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर १८ गेले. हंगाम नसताना त्याचा फ्यूज काढून ठेवा. आणि गाडी कांदाचाळीजवळ उभी करत असाल तर बॉनेट आठवड्यातून एकदा उघडा. उंदरांना वायरिंगचं आवरण फार आवडतं.

उरलेली यादी, झटपट

बंपर गार्ड नको. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं आहे. धडकेत चेपून धक्का शोषायचं काम पुढच्या पत्र्याचं असतं. गार्ड तो धक्का थेट चेसिसच्या टोकांना देतो, आणि पादचाऱ्याला तर लोखंडच बसतं.

प्रेशर हॉर्न आणि मल्टीटोन हॉर्नला नियमात जागा नाही. मूळ हॉर्न बारीक वाटत असेल तर कंपनीच्याच प्रकारचा दुसरा, रिलेवर लावा. केबिनवरच्या कॅरिअरने वजन उंचावर जातं, वळणावर गाडी जास्त झुकते आणि क्लॅम्पपाशी टप गळायला लागतो. ताडपत्री-दोरी ठेवायला सीटमागे जागा होते. म्युझिक लावा हो, रात्रीच्या ड्रायव्हिंगला सोबत लागते, फक्त त्याची वायर सिगारेट लायटरच्या मागून ओढू नका.

रेडियम पट्टी मात्र नीट घ्या. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, आणि पट्टीवर एआयएस-०९० (अशा पट्ट्यांचं मानक) ची छाप असलेलीच. साधी चकचकीत पट्टी दिवसा सारखीच दिसते पण रात्री परावर्तन देत नाही. नव्या मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग असतं, तिथेही हीच बघतात. हूड लावल्यावर ताडपत्री ती पट्टी आणि टेललाइट झाकत नाही ना, हे मागे वीस पावलं जाऊन बघा.

आणि यादीत नसलेल्या दोन वस्तू: हवेचा गेज आणि लाकडाचे दोन गुटके. टायर थंड असताना, निघण्यापूर्वी, दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा. रिकाम्याची आणि भरलेल्याची वेगळी असेल तर दोन्ही पाळा. गुटके घाटात चाक बदलताना लागतात, तेव्हा दगड शोधत बसायचं नाही.

क्रम

पहिल्या दिवशी वायरिंग. मग हूक, मग प्लाय, मग सॉकेट आणि कमानी, शेवटी ताडपत्रीचं माप, तेही कमानी उभ्या असताना. मजुरीचे दर गावागणिक बदलतात, त्यामुळे आकडे देत नाही. पण पैसे कमी पडले तर कॅमेरा पुढच्या महिन्यावर ढकला, ताडपत्रीची जाडी आणि वायरची जाडी कमी करू नका.

पहिल्या वाशी फेरीनंतर हूक, सॉकेट आणि प्लायचे सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळा. वायरमनकडून कुठला फ्यूज किती अँपिअरचा आणि कशासाठी, एवढं एका कागदावर लिहून घ्या आणि तो फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, सोबत प्रत्येक आकाराचे दोन जादा फ्यूज.